नुसत्या कागदावरची फारकत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रविवार असल्यामुळे कचेरीला सुट्टी होती. सकाळची एस.टी. धरून दोन स्त्रिया आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एक साठीच्या घरातली सासू, दुसरी तिची सून. सुनेच्या बोटाला पाच वर्षांची मुलगी. जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीवरचे हे आपले कुटुंब. गाव आणि नाव आम्ही सांगणार नाही. ते कळून वाचकांचा काही फायदा नाही आणि त्या घराचे मात्र नुकसान आहे.

सासूबाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला लिफाफा काढला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही लोकांचे अर्ज लिहिता म्हणून आलो. पोरगं लंडनवरून म्हणतंय, सुनेची सही घेऊन कागद वकिलाकडे द्या. खरं काही नाही म्हणे. नुसती कागदावरची फारकत आहे."

सून काही बोलली नाही. पोरीच्या वेणीची रिबीन सारखी करत बसली.

आम्ही कागद वाचला. परस्पर संमतीने घटस्फोट मागण्याच्या अर्जाचा तो मसुदा होता. पती-पत्नी एक वर्षाहून अधिक काळ विभक्त राहत आहेत, त्यांचे एकत्र नांदणे शक्य नाही, आणि पत्नी पोटगी किंवा सासरच्या घरात राहण्याचा कोणताही हक्क यापुढे मागणार नाही, असे त्यात लिहिले होते. ज्याला मुलगा 'नुसता कागद' म्हणत होता तो हा कागद.

मुलगा तिथे कसा अडकला

मुलगा शिकलेला. जानेवारी २०२४ मध्ये एका एजंटामार्फत विद्यार्थी व्हिसावर इंग्लंडला गेला. सासऱ्यांनी मुंबईच्या गोदीत आयुष्य घालवले, त्यांच्या फंडाचे पैसे त्यात गेले. सुनेचे दागिने गहाण पडले, बचत गटाचे कर्ज झाले. नेमके त्याच महिन्यापासून ब्रिटिश सरकारने संशोधनाचे अभ्यासक्रम सोडून बाकीच्या विद्यार्थ्यांना बायको-मुले सोबत नेण्यास बंदी केली. त्यामुळे सून आणि नात मागे राहिल्या.

विद्यार्थ्याला तिथे शिक्षण चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. तेवढ्या मजुरीत खोलीभाडेच भागेना, तर फीचा दुसरा हप्ता कुठून भरणार? फी थकली, कॉलेजने नाव काढले, व्हिसा रद्द झाला. तेव्हा तिथल्या एका दलालाने सल्ला दिला की आश्रय माग. अर्जही त्यानेच लिहिला. गावात जातीवरून हल्ला झाला आणि आमचे घर जाळले, असे त्यात लिहिले.

हे सांगताना सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "भाऊ, आमचं घर तर उभं आहे."

तो अर्ज नामंजूर झाला. मग त्याच दलालाने दुसरा रस्ता दाखवला. तिथल्या नागरिक असलेल्या एका बाईशी पैसे देऊन लग्न लावायचे, त्या लग्नावर राहण्याचा परवाना घ्यायचा, काही वर्षांनी तिला सोडायचे आणि इथल्या बायकोला बोलवायचे. पण लग्न लावायचे तर आधीचे लग्न मोडल्याचा न्यायालयाचा हुकूम हवा. म्हणून हा लिफाफा.

जुन्नर-आंबेगावातली आपली मुले आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. त्यामुळे असा लिफाफा उद्या दुसऱ्या घरातही येऊ शकतो. म्हणून आम्ही जे त्या दोघींना सांगितले, ते इथे सर्वांसाठी मांडत आहोत.

आश्रय कोणाला मिळतो

निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ साली झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणावरून ज्याचा मायदेशी छळ होण्याची रास्त भीती आहे आणि ज्याला आपल्या सरकारकडून संरक्षण मिळू शकत नाही, त्याच्यासाठी हा करार आहे. गरिबी, कर्ज, बुडालेली फी ही दुःखे खरी असली तरी त्यांच्यासाठी तो नाही.

जातीचा छळ हे कारण होऊच शकत नाही असे नाही. परंतु अधिकारी दोन प्रश्न हमखास विचारतो. तुमच्या देशात यासाठी कायदा आहे ना? १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, हे त्याला ठाऊक असते. आणि गावात धोका असेल तर तुम्ही पुणे, मुंबई, नागपूर अशा दुसऱ्या शहरात जाऊन का राहत नाही? शिवाय ब्रिटनने २००५ सालीच भारताला सुरक्षित देशांच्या यादीत घातले आहे. अशा देशातून आलेला अर्ज उघडपणे निराधार म्हणून फेटाळता येतो.

यात आम्हाला सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळी आहे. आपल्या समाजात खरोखर घरे जळाली आहेत, खरोखर माणसे मारली गेली आहेत. त्यांच्या फिर्यादी नोंदवून घेताना किती जोडे झिजतात ते आम्ही कार्यकर्ते जाणतो. न जळलेले घर जळाले म्हणून एक जण लिहून देतो, तेव्हा ज्याचे खरेच जळाले त्याच्या कागदाकडेही उद्या संशयाने पाहिले जाते. दलालाला त्याचे काय? त्याचे पैसे वसूल झालेले असतात.

खऱ्या लग्नाला कायद्यात वाट आहे

आता कोणी म्हणेल, आश्रय नाकारला गेल्यावर लग्नाच्या आधारे राहताच येत नाही का? येते, पण लग्न खरे असेल तर, आणि तेही सोपे नाही.

इंग्लंडमधला चिक्वाम्बा खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. झिंबाब्वेची एक बाई २००२ साली तिथे आली. तिचा आश्रयाचा अर्ज नामंजूर झाला. त्याच वर्षी तिने मायदेशातल्या ओळखीच्या माणसाशी लग्न केले. त्याला तिथे निर्वासित म्हणून मान्यता मिळालेली होती. त्यांना मुलगी झाली. गृहखाते म्हणाले, तू झिंबाब्वेला परत जा आणि तिथून नवऱ्याकडे येण्याचा व्हिसा माग. प्रकरण सर्वोच्च पातळीवर, म्हणजे तेव्हाच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. जून २००८ मध्ये निकाल बाईच्या बाजूने लागला. नवरा त्या देशात पाय ठेवू शकत नाही, मूल लहान आहे, तेव्हा केवळ नियम पाळल्याचे दाखवण्यासाठी हे कुटुंब तोडणे योग्य नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले.

म्हणजे परक्या देशाच्या कायद्यालाही माणुसकी कळते. मात्र ती बाई जिंकली ती तिचा संसार खरा होता म्हणून. त्यानंतर नियम कडकही झाले. २०१४ च्या कायद्याने असे ठरवले की परवाना नसताना जुळलेल्या नात्याला न्यायालयाने फारसे वजन देऊ नये. नेहमीच्या मार्गाने नवरा किंवा बायको म्हणून राहायचे तर जोडप्याच्या उत्पन्नाची अट पूर्ण करावी लागते. ती २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड होती, ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंड केली. पौंड ११० रुपयांनी धरला तरी हे जवळजवळ ३२ लाख रुपये झाले. ज्याचा परवाना संपलेला आहे त्याला हा मार्ग सहसा उघडत नाही. त्या जोडप्याला दुसऱ्या देशात संसार करणे जवळपास अशक्य आहे, किंवा तिथले मूल त्याच्यावर अवलंबून आहे, असे काही सिद्ध करावे लागते. तेव्हा कुठे दर अडीच वर्षांनी नवा अर्ज करत १० वर्षांचा लांबचा रस्ता मिळतो.

खोट्या लग्नाचा हिशेब

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. आम्हाला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. त्या दोघींसमोर वहीचे पान घेऊन आम्ही मांडला.

त्या देशात लग्नाची नोटीस दोघांनी स्वतः हजर राहून द्यावी लागते. एक जण परदेशी आणि परवान्याशिवाय असेल तर निबंधक ती माहिती गृहखात्याला कळवतो. एरवीची २८ दिवसांची मुदत ७० दिवसांपर्यंत वाढवता येते, आणि तेवढ्या वेळात दोघांना वेगवेगळे बसवून विचारपूस होऊ शकते. सासूचे नाव काय, कोण पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपते, काल रात्री जेवायला काय होते. पैसे घेऊन उभी राहिलेली बाई किती प्रश्नांना पुरी पडणार?

पकडले गेले तर फसवणुकीचा शिक्का बसतो. मग पुढील १० वर्षे कामाचा, शिक्षणाचा किंवा भेटीचा व्हिसा मिळणे बंद. तुरुंगही होऊ शकतो. आणि इथला घटस्फोट कायदेशीर नसताना तिथे लग्न लावले, तर तो द्विभार्या गुन्हा. त्याला इंग्लंडमध्ये १८६१ च्या कायद्याने ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे ७ वर्षांपर्यंत, आणि पहिले लग्न लपवून केले असेल तर १० वर्षांपर्यंत आहे.

बरे, पकडले गेले नाही असे धरू. लांबच्या रस्त्याने १० वर्षे. परवान्याबरोबर तिथल्या दवाखान्याचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे १० वर्षांचे १०,३५० पौंड. आपल्या पैशात ११ लाख ३८ हजार ५०० रुपये. दर खेपेची अर्जाची फी वेगळी, वकील वेगळा, त्या बाईची रक्कम वेगळी, आणि १० वर्षे ती मागेल तेव्हा देणे वेगळे. कारण ज्या दिवशी ती खरे सांगेल त्या दिवशी सगळे संपले.

आणि त्यानंतर हा इथल्या बायकोला बोलावणार तो कोणाकडे अर्ज करून? त्याच गृहखात्याकडे. त्यांच्या फायलीत आधीच लिहिलेले असेल की याचे आणि हिचे पटत नव्हते म्हणून फारकत झाली. फसवणूक उघड झाली तर कायमच्या वास्तव्याचा परवानाच काय, मिळालेले नागरिकत्वही काढून घेता येते.

अमेरिकेची गोष्ट वेगळी नाही. तिथे १९८६ साली खोट्या लग्नांविरुद्ध खास कायदा झाला. नव्या लग्नावर आधी २ वर्षांचा सशर्त परवाना मिळतो. खोट्या लग्नाला ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि एकदा ते सिद्ध झाले की पुढे खरे लग्न केले तरी त्या आधारावर परवाना मिळत नाही.

सासूबाईंना आकडे फार कळले असे नाही. त्यांनी एकच विचारले, "म्हणजे नात तेव्हा केवढी असेल?"

आम्ही म्हणालो, "पंधरा वर्षांची. दहावीला बसलेली असेल."

सुनेने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

कागदावरची फारकत ही खरीच फारकत

सुनेला आम्ही जे सांगितले ते आपल्या प्रत्येक लेकीसुनेने लक्षात ठेवावे असे आहे.

बौद्धांना हिंदू विवाह कायदा १९५५ लागू आहे. आपला धर्म वेगळा असला तरी लग्न, घटस्फोट आणि वारसा यांसाठी कायद्याने आपल्याला त्यात धरले आहे. त्यातील कलम १३ब प्रमाणे दोघांनी मिळून अर्ज केला, न्यायालयाने विचारल्यावर दोघांनी हो म्हटले आणि हुकूम झाला, की लग्न संपले. 'मनातून आम्ही नवरा-बायकोच आहोत' याला न्यायालयात जागा नाही. त्या दिवसापासून ती त्याची वारस नाही. उद्या तिथे त्याचे काही बरेवाईट झाले तर बायको म्हणून मिळणारे सगळे त्या कागदावरच्या बाईचे. मुलीचा वारसा राहतो, आईचा जातो.

शिवाय त्या अर्जात जे लिहायचे ते शपथेवर. आमचे पटत नाही, आम्ही वेगळे राहतो, असे सुनेने न्यायाधीशासमोर सांगायचे. रोज रात्री जो फोनवर पोरीशी बोलतो त्याच्याविषयी.

याउलट, नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेली सोडचिठ्ठी बहुतेक वेळा घटस्फोट ठरतच नाही. तशी जुनी रूढी सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी. अशा कागदावर दुसरे लग्न लावणारा तर थेट गुन्ह्यात सापडतो. म्हणजे खरा हुकूम घेतला तर बायको जाते आणि खोटा घेतला तर नवरा तुरुंगात जातो. 'नुसता कागद' असा यात कुठे नाहीच.

सून हळूच म्हणाली, "भाऊ, आमच्या लग्नाची नोंदणीच नाही. ते म्हणतात, नोंद नाही म्हणजे लग्न सिद्धच होत नाही."

हे साफ चूक आहे. विधिवत लागलेले लग्न नोंदणीवाचून बाद होत नाही. बौद्धाचार्यांनी लावलेले लग्न असेल तर त्यांचा दाखला, लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार, मुलीच्या जन्मदाखल्यावर बापाचे नाव, रेशनकार्ड, हे सगळे पुरावे आहेत. मात्र नोंदणी असली तर ही धावपळ वाचते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे गावात ग्रामसेवकाकडे लग्नाची नोंद होते. मुदत ९० दिवसांची आहे, पण उशीर झाला तरी दंड भरून करता येते. त्यासाठी नवरा-बायको दोघेही लागतात. म्हणून आमचे सांगणे असे की मुलगा परदेशी जाणार असेल तर विमानाच्या तिकिटाआधी लग्नाची नोंद करा.

पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे, ते पूर्वीचे कलम १२५. सासरच्या घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिला आहे. आणि वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कोणी अडून बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तसेच अनुसूचित जातीच्या कोणाही व्यक्तीला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. जुन्नरच्या माणसाने जुन्नरला आणि आंबेगावच्या माणसाने घोडेगावला जाऊन एक साधा अर्ज द्यायचा आहे.

मुलाने काय करावे

मुलाला आम्ही शत्रू मानत नाही. फंडाचे पैसे गेले, दागिने गेले, आता रिकाम्या हाताने कोणत्या तोंडाने परत यायचे, ही लाज त्याला तिथे अडकवून ठेवते. दलाल त्या लाजेवरच जगतो.

पहिली गोष्ट, दलाल सोडावा. ब्रिटनमध्ये परवाना नसलेल्याने असा सल्ला देणे हाच गुन्हा आहे. सल्लागार नोंदलेला असावा लागतो. त्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन अॅडव्हाइस ऑथॉरिटी असे नाव आहे. नोंद आहे की नाही हे कोणालाही विनामूल्य तपासता येते. त्याच्यापुढे खोटा अर्जही न लपवता सांगावा आणि कायद्याने काही शिल्लक आहे का ते विचारावे.

दुसरी गोष्ट, काही शिल्लक नसेल तर पकडून पाठवण्याआधी आपणहून यावे. स्वतःच्या खर्चाने परतणाऱ्यावर सहसा एक वर्षाची बंदी असते, सक्तीने काढलेल्यावर १० वर्षांची. मात्र खोट्या कागदांचा ठपका आधीच बसला असेल तर हिशेब बदलतो, म्हणून तेही सल्लागारालाच विचारावे. सरकारी खर्चाने परतण्याचीही सोय आहे, पण मग बंदी लांबते. पासपोर्ट हरवला असेल तर भारतीय उच्चायुक्तालय परतीपुरता दाखला देते.

परत येणे म्हणजे हरणे नव्हे. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली खुद्द बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धे सोडून परतावे लागले. १९२० साली पैसे जमवून ते पुन्हा गेले आणि पुरे करूनच आले. त्या काळात रमाईने इथे काय सोसले हे आपल्या घराघरांत माहीत आहे. ज्याला परदेशी शिकायचेच आहे त्याच्यासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. एजंटाच्या दारात जाण्याआधी समाजकल्याण कार्यालयाच्या दारात जावे.

पुढे काय झाले

सुनेने सही केली नाही. त्या रात्री फोनवर मुलगा खूप रागावला, आमच्या नावानेही बोलला. पंधरा दिवस फोन आला नाही. मग एका रात्री आला. सुनेने त्याला वहीतला हिशेब जसाच्या तसा वाचून दाखवला. शेवटी म्हणाली, "कर्ज मी फेडू लागते. पण न्यायाधीशापुढं खोटं बोलणार नाही, आणि पोरीला बाप नाही असंही लिहून देणार नाही."

आम्ही हे लिहीत असेपर्यंत मुलगा परतलेला नाही. पण त्याने त्या दलालाकडचे राहणे सोडले आहे आणि नोंदलेल्या सल्लागाराकडे एकदा जाऊन आला आहे. सून नारायणगावच्या बाजूला टोमॅटोच्या मळ्यात मजुरीला जाते. बचत गटाचा हप्ता चुकलेला नाही. लग्नाचे सगळे पुरावे तिने एका फायलीत लावून ठेवले आहेत. गोष्ट इथवरच आली आहे. आम्ही तिला गोड शेवट जोडणार नाही.

परमुलखात जाऊन राहणे, तिथे घर करणे यात कमीपणा काहीच नाही. आपल्या जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत इरिल, चिट, चंद असे 'यवन' म्हणवणारे परदेशी वंशाचे लोक आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भिक्षूंसाठी भोजनशाळा दिली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते लोक इथे आले आणि आम्ही यवन आहोत हे न लपवता आपले नाव दगडात कोरून गेले. आपल्या मुलांनीही जगात कुठेही जावे, पण स्वतःच्या नावाने आणि खऱ्या कागदावर जावे.

आणि असा लिफाफा कोणाच्या घरी आला, तर मायबहिणींनो, सही करण्याआधी तो कोणाकडून तरी वाचून घ्या.